आई सध्या कोणाकडे असते?

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका आजींच्या दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. कावळा शिवेना, माणसं ताटकळली आणि अशा वेळी निघतो तो विषय निघाला. आजींना शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. एक काका म्हणाले, हल्लीच्या पोरांना आईबाप नकोत. लातूर जिल्हा परिषदेनं आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून घ्यायचं ठरवलं होतं, तसं सगळीकडं झालं पाहिजे. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, अशा पेशंटसाठी आता चांगली केंद्रं आहेत, तिथं ठेवावं, भावनेत अडकू नये. मग तासभर तेच चाललं. घर की संस्था, मुलगा की सून, पूर्वीचं एकत्र कुटुंब की आताचं. त्या आजी सहा वर्षं चार मुलांच्या चार घरांत दर महिन्याला फिरत होत्या, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते कुणी काढलं नाही. उलट निघताना एकजण म्हणालाच, "चौघांनी पाळी मात्र चोख चालवली."

मला त्या पाळीबद्दल बोलायचं आहे. आमच्या सांगली-साताऱ्याकडं म्हाताऱ्या माणसाची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो, "आई सध्या कोणाकडे असते?" प्रश्नातच उत्तर ठरलेलं आहे, की आईनं कुणाकडं तरी 'असायचं' आणि ते 'सध्या'पुरतं. हातपाय आणि डोकं शाबूत असलेल्या आईला हे फिरणं एकवेळ चालतं, काही जणींना आवडतंही. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भावाभावांत महिन्यांनी वाटून घेणं हा रोग वाढवायचा उद्योग आहे, मग ते कितीही न्यायानं केलेलं असो. रोग्याला एका जागी राहू द्यावं आणि फिरायचं ते मुलांनी फिरावं. पैसा, रात्रीचं जागरण, दवाखाना, कागदपत्रं, सगळं मुलांनी वाटून घ्यावं आणि लिहून घ्यावं. आणि जी बाई रोज आंघोळ घालते तिच्या शब्दाला घरात सगळ्यांत जास्त वजन असावं. घाटावरच्या तासाभरात यातलं एकही वाक्य आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीकाठाला. वडील २०१७ मध्ये गेले. भावांपैकी थोरले आबा नोकरीमुळं कराडला, मधले बापू आणि वहिनी गावात शेती बघतात, धाकटा सांगलीत विश्रामबागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि घरात पाणी शिरलं, तेव्हा आईला उंचावरच्या एका शाळेत हलवलं. तिथं दुसऱ्या रात्री तिनं बापूंना विचारलं, "तुमी कुणाचं?" आम्हाला वाटलं, धसका घेतला. पाणी ओसरून घर धुवून पुसून झाल्यावर ती परत आली आणि आठवड्याभरात बरीच ताळ्यावर आली. तरी मिरजेला दाखवलं. रक्त तपासलं, बी-१२ आणि थायरॉईड पाहिलं, डोक्याचा फोटो काढला. (हे प्रत्येकानं करावंच, बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडचा दोष असेल तर विसरण्याचा तेवढा भाग औषधानं सुधारू शकतो.) आईचं तसं नव्हतं. अल्झायमरचा प्रकार असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवाळीत तिघा भावांनी बसून ठरवलं की आता एकट्या बापूंवर नको, एकेक महिना सगळ्यांनी ठेवायचं.

हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते. पण झालं काय? कराडच्या फ्लॅटमध्ये ती रात्री लघवीला उठली की डावीकडं वळायची, कारण गावाकडं मोरी डावीकडं आहे. कराडला डावीकडं कपाट होतं. विश्रामबागला तिसरा मजला, ती दुपारपासून पिशवी भरून दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "मला घरला सोडा, दिस बुडायच्या आत." महिनाअखेरीला कुठं ती जराशी स्थिरावायची, तोवर एक तारीख यायची आणि गाडी दारात उभी राहायची. पुरानं तिचं एकदा जे केलं होतं, ते आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला करत होतो.

यामागचं कारण अवघड नाही. या रोगात मेंदूचा जो भाग नवीन आठवणी पक्क्या करतो तो बहुधा आधी खराब होतो. त्यामुळं नवीन घराचा नकाशा डोक्यात बसतच नाही. रोज सकाळी ते घर पुन्हा नवीन असतं. पण ४०-५० वर्षं ज्या उंबऱ्यावरून पाय उचलला तो उंबरा पायाला माहीत असतो. तुळशीकडं जायचं, रांजणातून तांब्या भरायचा, शेंगा फोडायला बसायचं, हे शरीराच्या सवयीत उतरलेलं असतं आणि नावं, तारखा, नाती गेल्यावरही पुष्कळ दिवस टिकतं. म्हणजे अशा माणसाच्या स्मरणशक्तीचा निम्मा भाग त्याच्या डोक्यात नसतो, घरात असतो. घर काढून घेतलं की तोही जातो.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली तेव्हा पाळी बापूंची होती आणि जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या. आई गावातच राहिली. तीन महिन्यांत तिनं पिशवी भरणं सोडलं. रात्री मोरीकडं जाऊन आपली आपण परत यायला लागली. रोग बरा झाला नव्हता, तो होतही नाही. पण एक तारखेनं दिलेलं दुखणं गेलं होतं. एका आईवरून नियम काढू नये, हे मला कळतं. पण नंतर अशा जेवढ्या घरांशी बोलले तिथं हेच ऐकलं: "हिकडनं तिकडं नेलं की बिघडते."

पाळीच्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणत नाही. सगळ्यांत वजनदार मुद्दा वहिनींनीच मला सांगितला. टाळेबंदी उठली, आई एका जागी बरी आहे हे सगळ्यांनी पाहिलं, आणि मग काय झालं? सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. आबा म्हणाले, "तिथंच तिचं मन रमतं." धाकटाही तेच म्हणाला. मीही म्हणाले. आणि वर्षभर अंथरूण धुणं, जेवण भरवणं, रात्री दोनला दाराची कडी वाजली की धावणं, सगळं एकट्या वहिनींवर पडलं. एकदा त्या मला म्हणाल्या, "ताई, पाळी होती तवा मला महिन्याकाठी निदान झोप हुती. तुमी आईचं बघितलं, माझं कुणी बघितलं?" यावर मला उत्तर नव्हतं. पाळी रोग्याला वाईट असली तरी सांभाळणाऱ्या बाईला श्वास घ्यायला देते. ती नुसती बंद करून चालत नाही. तिनं दिलेली विश्रांती दुसऱ्या वाटेनं द्यावी लागते. 'आई घरीच बरी' हे वाक्य पुढची तजवीज न करता बोलणारा भाऊ पळवाट काढत असतो, आणि तसं बोलणाऱ्यांत मीही होते.

पण पाळीचं दुसरं एक कारण आहे आणि ते दहाव्याला कधी बोललं जात नाही. भाऊ आईला वाटून घेतात त्यामागं पुष्कळदा एकमेकांवरचा अविश्वास असतो. सहा महिने सलग जो ठेवील तो अंगठा घेईल, गळ्यातली बोरमाळ त्याच्या घरात राहील, मृत्युपत्र त्याच्या बाजूनं होईल. पाळी म्हणजे पहारा. म्हणून तिचा हिशेब इतका चोख असतो. फेब्रुवारी २८ दिवसांचा म्हणून भांडणं झालेली मी ऐकली आहेत. यावर उपाय सेवेत नाही, मालमत्तेत आहे. रोगाचं निदान झाल्याबरोबर, माणसाला अजून बोलता-समजतं तोवर, त्याच्या देखत त्याच्या इच्छेनं व्यवहार उरकून घ्यावेत. आपल्याकडं उलटं होतं. चांगले दिवस असताना विषय काढणं अशुभ वाटतं आणि नाव आठवेनासं झालं की शाईचा पॅड येतो. पुष्कळांना माहीत नसतं की भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम २०१ प्रमाणं मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर एक भाऊ बँकेत जातो आणि दुसरा त्याच्यावर डोळे वटारतो, तो कागद नेमक्या गरजेच्या वेळी कामाचा उरलेला नसतो. आईला विचारायची वेळ निघून गेलेली असते, आणि तिला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नसतं.

बहिणीचंही इथंच सांगते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. त्यानंतरही घरोघरी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. मीही २०१८ मध्ये केली, कुणी हात धरून करायला लावली नाही. पण सहीच्या दिवशी जी परक्या घरची असते, तिलाच आई आजारी पडली की "तू मुलगी आहेस, तुझ्याकडं जास्त मोकळी होते" असं म्हणून बोलावलं जातं. हक्काला परकी आणि सेवेला आपली, असं कसं चालेल?

आता सुनेबद्दल. या रोगात चोरीचा संशय फार मोठं घर करतो. वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही, आणि न आठवणं कबूल करण्यापेक्षा कुणीतरी घेतली हे मनाला पटायला सोपं जातं. आळ येतो तो जवळच्या माणसावर, कारण समोर तेच असतं. आईनं वहिनींवर पाटल्यांचा आळ घेतला होता. पाटल्या नंतर धान्याच्या कणगीत सापडल्या. हे आपल्या सासू-सुनांचं नाही. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात डॉ. आलोइस अल्झायमर यांच्यासमोर आलेली ऑगुस्टे डेटर ही या रोगाची पहिली नोंदलेली रोगी. तिच्या दुखण्याची सुरुवातच नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. जर्मनीतल्या त्या बाईनं घरातल्या माणसावर संशय घ्यावा आणि कृष्णाकाठच्या बाईनं सुनेवर घ्यावा, यात संस्कारांचा संबंध कुठं येतो? पण लांबून आलेला मुलगा हे ऐकतो आणि विश्वास ठेवतो. त्यात भर म्हणजे पाहुणा आला की रोगी माणूस तासभर सावरून बसतं, नेमकं बोलतं, "जेवून जा" म्हणतं. मुलाला वाटतं, आई तर ठीक आहे, मग ही वहिनी फोनवर इतकं काय सांगत असते? रविवारी दोन तास येणाऱ्याचं मत ठरतं आणि आठवड्याचे उरलेले १६६ तास काढणारीवर ठपका येतो. कितीतरी घरं माझ्या डोळ्यांसमोर या एका गैरसमजानं फुटली आहेत. म्हणून माझं म्हणणं आहे की मत देण्याआधी आठ दिवस राहावं. रात्रीसकट.

एकत्र कुटुंबाची आठवण काढणाऱ्या काकांचं एक म्हणणं मी मान्य करते. तेव्हा माणूस हरवत नव्हतं. वाट चुकलेल्या म्हातारीला गल्लीतलं कुणीही हाताला धरून आणून सोडायचं, अंगणात तिला निवडायला धान्य असायचं, हाताला काम आणि भोवती बोलणी असायची. आज औषधानं जे साधत नाही ते त्या गजबजाटानं काही अंशी साधायचं. पण त्या काळी हे सांभाळलं कुणी? साताऱ्याकडचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि पलटणीत होते. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले होते. एकत्र कुटुंबाचं जे घर आपण आठवतो त्यातला कर्ता पुरुष पुष्कळदा परळच्या खोलीत होता आणि घरात होत्या त्या सुना, विधवा आत्या, न नांदलेल्या मुली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. बालमृत्यूंमुळं तो जुना आकडा जास्तच खाली दिसतो हे खरं, तरी ऐंशी गाठणारी माणसं घरोघरी नव्हती. जी होती त्यांना 'म्हातारचळ' लागला म्हणत, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देत, नाहीतर देवऋष्याकडं नेत. आज देशात ६० वर्षांवरच्या दर १०० माणसांत सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि शहरापेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. हा भार मागच्या पिढ्यांनी उचललेलाच नव्हता. मग त्यांची पद्धत आपल्याला पुरेल कशी?

पण त्याच इतिहासात एक कामाची गोष्ट आहे. बाहेर गेलेली ती माणसं तुटली नाहीत. गिरणीतून मनिऑर्डर यायची, जत्रेला माणूस यायचा, सुगीला रजा काढायचा. "नोकरी आहे, गावी कसं राहू" हे आजच्या मुलाचं म्हणणं खरंच आहे. कुणी नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही. पण कराडहून पलूस किती लांब आहे? आणि पुणे तरी? गिरणीकामगार रात्रीच्या एसटीनं जेवढा येत होता, तेवढं गाडीवाल्या मुलाला येता येत नाही का? ज्याला मुळीच येता येत नाही त्यानं पैसे द्यावेत, पण ते भावाला उपकार म्हणून नव्हे. रात्रीच्या बाईचा पगार माझा, असं नेमकं कलम उचलून द्यावेत.

आम्ही शेवटी तेच केलं, भांडून, रडून. २०२१ च्या पावसाळ्यात वहिनी आजारी पडून माहेरी गेल्या तेव्हा. एक वही घातली. आबांनी दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार गावी यायचं आणि ते दोन दिवस वहिनींनी आईच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. धाकट्यानं दवाखाना, औषधं आणि रात्रीच्या बाईचा पगार बघायचा. मी सुट्टीत पंधरा दिवस आणि दर दिवाळीनंतर आठ दिवस. काय घडलं, किती जेवली, कधी चिडली, औषध कुठलं बदललं, सगळं वहीत. आणि शेवटचा शब्द वहिनींचा. आबांना वहीचा पहिल्यांदा रागच आला. "आईच्या सेवेचा काय हिशेब लिहायचा?" म्हणाले. हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला हसून चालणार नाही. पण आम्ही कुठली माणसं आहोत? उसाचं टनेज लिहितो, भिशी लिहितो. लिफ्टच्या, म्हणजे नदीतून उपसलेल्या पाण्याची पाळी रात्री दोनला असली तरी वहीत बघून बॅटरी घेऊन बांधावर जातो आणि शेजाऱ्यानं दहा मिनिटं जास्त घेतली तर दुसऱ्या दिवशी विचारतो. सहकारावर उभा राहिलेला हा मुलूख आहे. सभासदाचा वाटा लिहिलेला असतो म्हणून त्याचा अपमान झाला, असं इथं कुणी म्हटलेलं नाही. न लिहिलेल्या सेवेचाही हिशेब होतोच, फक्त तो सगळा एका बाईच्या अंगावर निघतो.

भाच्याचं राहिलं. तो संस्थेबद्दल म्हणाला ते मी उडवून लावत नाही. रोगी हिंसक झाला, घरात उचलायला दुसरं माणूसच नसलं, सांभाळणारीच अंथरुणाला खिळली, तर चांगली संस्था हाच आधार आहे आणि तिथं ठेवणाऱ्याला पापी म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र काढून दाखवावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं. तिथं लेकरू ठेवणाऱ्या आईनं त्याला टाकलं, असं आज कोण म्हणेल? ठेवणं आणि टाकणं यातला फरक नंतर किती वेळा गेलात यावर ठरतो. माझी तक्रार एवढीच की संस्था ही पहिल्या महिन्याची सोय होऊ नये, कारण पाळीचं घर बदलणं आणि संस्थेत जाणं, रोग्याला दोन्हींत एकच गोष्ट हरवते. आणि कायद्याचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं निर्वाहभत्ता मिळवून देतो, महिना दहा हजारांपर्यंत. टाकून दिलेल्या माणसाला तो हवाच. पण पगारातले ३० टक्के कापून आईच्या खात्यावर आले, म्हणून रात्री दोनला कडी वाजल्यावर उठणार कोण?

आई २०२३ च्या पौषात गेली. शेवटी शेवटी तिनं आम्हा चौघांतल्या कुणालाच ओळखलं नाही. वहिनींना ती 'आक्का' म्हणायची, तिच्या थोरल्या बहिणीला म्हणायची तसं. जाण्याआधी पंधरा दिवसांपर्यंत ती धरून धरून तुळशीपर्यंत जात होती. आता तिच्या वाट्याची जमीन आणि घराचा हिस्सा आम्हा चौघांच्या नावावर चढायचा आहे. भावांनी नेहमीप्रमाणं हक्कसोडपत्र तयार करून पाठवलं. या वेळी मी सही केलेली नाही. माझा वाटा मला नको, पण तो भावांकडंही जायचा नाही. बक्षीसपत्रानं तो वहिनींच्या नावावर करायचा आहे, आणि आबांनी आणि धाकट्यानंही तसंच करावं, असं मी दोघांना कळवलं आहे. धाकटा विचार करतो म्हणाला. आबांचा फोन अजून आलेला नाही.